गिरणीच्या ओट्यावरचा पट

अनुमावशींनी पहिल्या भेटीत मला जे काम सांगितलं ते झाडू मारायचं. मी सरकारी नर्स, गावात येऊन जेमतेम चार दिवस झालेले, आणि ही पापण्यांवर पीठ बसलेली बाई माझ्या हातात केरसुणी देऊन म्हणते, "आतलं समदं झाड. पट्ट्याखालचं ऱ्हाऊ दे, तिथं मी झाडते." मी झाडलं. का झाडलं ते आधी सांगते, नाहीतर मी फार गरीब स्वभावाची आहे असा तुमचा समज व्हायचा.

माझं गाव घोडेगाव, आंबेगाव तालुक्यातलं. बदली झाली ती शेजारच्या जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याच्या उपकेंद्रावर. नवरा पुण्याला, मी इथं एका खोलीत. म्हणजे गहू निवडायलाही मीच आणि दळून आणायलाही मीच. पहिल्यांदा डबा घेऊन गिरणीवर गेले तेव्हा थ्री फेज लाइट गेलेली होती. ती एकदा गेली की कधी येईल ते सांगून जात नाही. दारासमोर आठ-दहा डबे ओळीनं लावलेले, आणि बाहेरच्या ओट्यावर दोन माणसं फरशीकडं टक लावून बसलेली. बाकीची माणसं त्यांच्याभोवती उभी, पण एकाच्या तोंडातून शब्द नाही. मला वाटलं कुणीतरी गेलं की काय.

जवळ जाऊन पाहिलं तर फरशीवर नवकंकरीचा पट कोरलेला होता. एकात एक तीन चौकोन आणि त्यांना मधोमध जोडणाऱ्या रेघा. एकाकडं नऊ चिंचोके, दुसऱ्याकडं नऊ पांढरे खडे. आपले तीन एका रेघेत आणले की समोरच्याचा एक उचलायचा, आणि कुणाचे दोनच उरले की तो हरला. लहानपणी आम्ही घोडेगावात हे कोळशानं रेघा ओढून खूप खेळलो होतो, आणि मी प्रत्येक वेळी भांडून उठले होते. खेळणाऱ्यातले एक तुकाभाऊ, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. त्यांना दिसत नव्हतं ते मला लख्ख दिसलं. मी म्हटलं, "काका, तो कोपऱ्यातला सरकवा की."

तुकाभाऊंनी पटावर नेलेला हात मागं घेतला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आतून मावशी बाहेर आल्या.

"कोन बोललं?"

"मी," मी म्हटलं. "अहो, साधी गोष्ट होती."

"साधी व्हती म्हनून तर वाट लागली," मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "आता ती चाल त्यानं खेळली तर तुजी, न्हाई खेळली तर तो हरतो. काय करायचं त्यानं, सांग."

याचं उत्तर मला आजही येत नाही. तो डाव मोडला, आणि बोलणाऱ्यानं गिरण झाडायची हा तिथला रिवाज असल्यामुळं माझ्या हातात केरसुणी आली. झाडून बाहेर आले तर लाइट आली होती आणि मावशींनी माझा डबा ओळीत जिथं होता तिथंच ठेवला होता. ना पुढं, ना मागं. सरकारी माणसाचा डबा न सांगता पुढं घेणारी गावं मी पाहिली होती, म्हणून हे मला आवडलं, पण तोंड फुगलेलं असल्यामुळं मी ते दाखवलं नाही.

तो पट मावशींच्या मालकांनी कोरलेला. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची जी छिन्नी असते, त्याच छिन्नीनं. ते गेले आणि गिरण आणि पट दोन्ही मावशींच्या गळ्यात पडलं. मुलगा दत्ता चाकणला कंपनीत, तिकडंच त्याचं घर. मावशी एकट्या. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र गिरण चालू असताना पलीकडच्या चौकात जाणारा. बाजरीनंतर गहू दळायचा असला की मध्ये मूठभर आपल्या घरचा गहू टाकायच्या, म्हणजे पुढच्या माणसाच्या पोळ्या काळ्या होत नाहीत. हे त्या कुणाला दाखवून करत नसत. मला कळायला वर्ष लागलं.

ओट्यावरचे नियमही असेच, एकेक अंगावर आदळून कळलेले. कुणी कुणाशी खेळायचं ते डबे ठरवायचे. ज्याचा डबा तुमच्या डब्याशेजारी, तो तुमचा गडी. मग तो सरपंच असो, नाहीतर वर डोंगरातल्या मढकडची नाचणीचं गाठोडं घेऊन आलेली म्हातारी असो. समोरच्याचा खडा उचलायच्या आधी "उचलतो" किंवा "उचलते" असं तोंडानं म्हणायचं आणि त्यानं "उचल" म्हटल्यावरच हात लावायचा. डाव चालू असताना मान वर करून कुणाला या-बसा करायचं नाही, आणि आलेल्यानं त्याचा राग धरायचा नाही. हरलेल्या माणसाला का हरलास म्हणून विचारायचं नाही. आणि चहा जिंकणाऱ्यानं करायचा. हा सगळ्यात कडक. आत एक बर्नरची शेगडी होती, तिच्यावर जिंकणाऱ्यानं चहा करून हरलेल्याच्या हातात नेऊन द्यायचा. "जिकल्यालं मानूस लई फुगतं," मावशी म्हणायच्या. "चा करताना हवा जाती."

मला हरता येत नाही. हरले की माझं नाक लाल होतं, अगदी शाळेपासून. मावशींनी ते दुसऱ्याच डावात हेरलं. "सिष्टर, टोमॅटो तयार झाला," त्या म्हणाल्या. "नारायनगावच्या बाजाराला गाडी चालली, पाठवायचा का?" सगळा ओटा हसला आणि मी पंधरा दिवस तयार पीठ विकत आणून खाल्लं. पोळ्या काही चांगल्या होईनात. सोळाव्या दिवशी डबा घेऊन गेले तर मावशी एवढंच म्हणाल्या, "आलीस? नंबर लाव." मी कुठं होते ते विचारलं नाही. तेही बहुतेक नियमातच बसत असावं.

तुकाभाऊ आणि गंगारामभाऊ यांची गोष्ट सांगायलाच हवी. दोघांची शेतं एका बांधाला लागून, बांधावर एक जांभूळ, आणि त्या जांभळावरून चार वर्षं बोलणं बंद. लग्नाच्या पंगतीतही एक बसला की दुसरा उठायचा. एकदा त्यांच्या घरच्यांनी ठेवलेले डबे नेमके शेजारीशेजारी आले. गंगारामभाऊंनी पाहिलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून आपला डबा पायानं मागं सारला. मावशी आत बाजरी ओतत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "गंगाराम, डब्याला पाय फुटलं का रं?"

झालं. दोघं समोरासमोर बसले. खडे मांडून झाले, सरकवायला लागले. तुकाभाऊंचे तीन एका रेघेत आले. आता उचलायचं तर बोलायला पाहिजे. तुकाभाऊ बसून राहिले. आम्ही सगळे बसून राहिलो. गिरण एका दळणावरून दुसऱ्या दळणावर गेली. शेवटी तुकाभाऊ फरशीकडं बघत म्हणाले, "उचलतो."

गंगारामभाऊंनी घसा साफ केला. "उचल."

चार वर्षांत पहिलं बोलणं, ते एवढं. त्यांनी गळ्यात गळे घातले असं समजू नका. जांभळाचा निकाल अजून लागलेला नाही. पण त्या दिवशी तुकाभाऊ जिंकले आणि त्यांना गंगारामभाऊंसाठी चहा करावा लागला. साखर किती ते विचारायची पंचाईत होती. त्यांनी अंदाजानं दोन चमचे घातली. गंगारामभाऊंना शुगर आहे हे मला माहीत होतं, मी नर्स, पण मी बघणाऱ्यांत होते. मी गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं रक्त तपासलं.

मग एकदा अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजची एक मुलगी आली. इथं तिची आत्या राहायची. कॉलेजात जुन्या खेळांवर काहीतरी प्रोजेक्ट होता. पोरगी हुशार, खेळायलाही पक्की, मला तिनं सात मिनिटांत गुंडाळलं. चहाही निमूट केला. मग वही काढून म्हणाली, "मावशी, सगळे नियम सांगा. मी छान बोर्ड करून भिंतीला लावून देते, म्हणजे नवीन माणसाचा गोंधळ होणार नाही." झाडू मारलेली मी, मला ही कल्पना फार पटली.

मावशींनी तिला नऊ खडे, तीन चौकोन, एवढं सांगितलं आणि थांबल्या.

"आणि ते डब्याचं? चहाचं? बोलायचं नाही ते?"

"ते बसलं की कळतं."

"पण लिहिलेलं असलं तर बरं ना."

"लिवलं की मानसं वाचत बसत्यात, यात काय काय लिवलं न्हाई ते," मावशी म्हणाल्या. "नानेघाटात गेलीस का कंदी? तितं खडकावर आसाच पट हाय. जकातीला थांबल्याली मानसं खेळायची म्हनत्यात. गुहेच्या भितीवर येवढी अक्षरं कोरल्यात, त्यात या खेळाचं एक तरी हाय का बघून ये." मुलगी हसली आणि वही मिटली. पुढं ती सुट्टीला आली की वही न घेता यायची, आणि एकदा तिच्या मैत्रिणीनं मधेच तोंड उघडलं तेव्हा केरसुणी हिनंच आणून दिली.

आता अवघड भाग.

थंडीचे दिवस होते. मी सकाळी लसीकरणाला निघाले होते. गिरणीपुढं पाहिलं तर मावशी डब्यांच्या ओळीशी उभ्या, आणि उजवीकडचे सगळे डबे दळून झालेले, डावीकडचे तसेच. बायका म्हणत होत्या, मावशी आमचे कधी घेणार, आणि मावशी म्हणत होत्या, "कुठलं? झालं की समदं." त्यांच्या ओठाची एक बाजू उतरली होती. मी डबे-बिबे लाथाडून पुढं गेले. गाडी मिळाली, तासाभरात नारायणगाव गाठलं, म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे मी माझ्या कौतुकासाठी सांगत नाही. पुढं मी जे केलं त्यानंतर कौतुकाला जागा उरत नाही.

तीन आठवड्यांनी मावशी घरी आल्या. जीभ जराशी जड, डावा हात लुळा, डावा पाय ओढत काठीनं चालायच्या. पण त्याहून एक विचित्र गोष्ट झाली होती. डावीकडचं जग त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. डोळे चांगले होते, पण ताटात डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची आणि त्या म्हणायच्या जेवले. केस अर्धे विंचरायच्या. अर्धांगाच्या झटक्यात असं होतं, मेंदू एक बाजू विसरतो. मी रोज ब्लड प्रेशर बघायला जायची आणि ते ताट बघून मला भरून यायचं.

दत्ता रजा काढून आला होता. तो काही वाईट मुलगा नाही. म्हणाला, "सिस्टर, गिरणीचा पट्टा तिच्या डाव्या हाताला फिरतो. पदर गेला, हात गेला, तर? मी तिकडं चाकणला बसून काय करू? मी तिला घेऊन जातो, गिरण बंद करतो." मावशी नको म्हणत होत्या. तिकडं चौथ्या मजल्यावर काय करू, म्हणत होत्या. शेवटी दत्तानं दोन महिने दिले. शेजारच्या संगीतानं तोवर गिरण चालवायची, मावशींनी बाहेर ओट्यावर बसायचं. दोन महिन्यांत सुधारणा दिसली तर ठीक, नाहीतर चाकण.

पहिल्याच दिवशी मी डबा घेऊन गेले आणि मावशींनी मला हाक मारली. "सिष्टर, बस." कुणाचा डबा शेजारी ते त्यांनी बघितलं नाही, मी म्हटलं चला, आजारी माणूस आहे. खडे मांडले. माझे दोन खडे त्यांच्या डाव्या बाजूला एका रेघेत होते आणि तिसरा शेजारीच. एक घर सरकवायचा अवकाश. त्यांना ते दिसतच नव्हतं. त्या उजवीकडं आपले चिंचोके जुळवत होत्या, जीभ ओठात धरून. मला वाटलं, त्यांचा आजार हाताशी धरून मी जिंकणार? शिवाय ब्लड प्रेशर होतं. मी तिसरा खडा मुद्दाम दुसरीकडं सरकवला आणि हरले. मावशी माझ्या तोंडाकडं बघत चिंचोके गोळा करू लागल्या. चहा संगीतानं केला.

तुकाभाऊ बघणाऱ्यांत होते. त्यांनी पाहिलं. बोलायचं नाही, म्हणून बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ते बसले तेव्हा त्यांनीही तसंच केलं. मग गंगारामभाऊंनी. मग सगळ्यांनीच. ठरवून नाही हो, कुणी कुणाला काही म्हणालं नाही. गावाचं मावशींवर प्रेम होतं आणि त्या प्रेमाच्या भरात आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जिंकवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी चहा दुसरंच कुणी करायचं, कारण एका हातानं त्यांना पातेलं उतरवता येत नव्हतं. ओट्यावर हसणं-बोलणं वाढलं. आम्हाला वाटलं, मावशी खुलतायत.

महिना झाला असेल. एक दिवस पाहिलं तर फरशी रिकामी. चिंचोके आणि खडे एका डब्यात भरून डबा फळीवर ठेवलेला. मावशी आत खाटेवर भिंतीकडं तोंड करून. दत्ताला त्यांनी फोन करून सांगितलं होतं, मी येते, रविवारी टेम्पो आण.

मी तुकाभाऊंना गाठलं. म्हटलं, अजून महिना बाकी आहे, यांनी असे हात का टेकले? तुकाभाऊंनी टोपी काढून चाचपली. मग म्हणाले, "सिष्टर, राग नका धरू. पयला डाव तुमीच सोडला. मी बगितलं व्हतं." टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "आन मंग आमी बी सोडलं. आमाला वाटलं, सिष्टर हायेत, त्यास्नी कळतं."

मला तिथंच रडू आलं. राग स्वतःचा, आणि दुसऱ्या कुणावर काढायला जागा नाही.

शनिवारी चार वाजता गेले. फळीवरचा डबा काढला, मावशींना हाताला धरून ओट्यावर आणलं. मी खडे मांडायला लागले.

"नगं," त्या म्हणाल्या.

"मावशी, त्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम हरले."

"ठावं हाय."

"कसं?"

"तुजं नाक लाल झालं न्हाई."

त्या फरशीकडं बघत होत्या. "अकरा डाव वळीनं जिकले मी. येवढी हुश्शार असते तर गिरन चालवली असती व्हय? आन चा करती संगीता. जिकायचं मी, चा दुसरीनं. काय खेळ म्हनायचा ह्यो?"

"मग बोलला का नाहीत?"

"हरल्याल्या मानसाला इचारायचं नसतं."

त्यांचाच नियम. तरी म्हटलं, "तुम्ही पेशंट होता, मावशी. मला भीती वाटली."

"पेशंट आत खाटेवर. फरशीवर न्हाई." त्यांनी काठीनं पट दाखवला. "सिष्टर, गावानं मला जिकवलं म्हंजी गावानं मला मोजायचं सोडलं. मंग हितं काय आन चाकन काय."

"आज मी खरं खेळते," मी म्हटलं. "आणि जिंकणार आहे, सांगून ठेवते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उजव्या हातानं एक चिंचोका उचलून पटाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवला.

मी खरं खेळले. तुम्हाला सांगते, आयुष्यात एवढा जड खेळ मी खेळले नाही. त्यांची डावी बाजू उघडी होती आणि मी तिथंच गेले. तीन जुळवले. "उचलते," मी म्हटलं.

मावशी दचकल्या. कुठं जुळले ते शोधत त्यांनी मान डावीकडं वळवली, सावकाश, पार टोकापर्यंत. तिथं माझे तीन खडे त्यांना दिसले. कितीतरी वेळ त्या ते बघत राहिल्या.

"उचल," त्या म्हणाल्या.

पुढच्या पाच-सहा चालींत मी पुन्हा तिथूनच आले. "उचलते." पुन्हा मान वळली, पुन्हा "उचल." तिसऱ्यांदा मी दोन खडे तिकडं नेले, तिसरा सरकवायच्या बेतात होते, आणि मावशींनी माझ्या बोलण्याची वाट न बघता स्वतःहून मान वळवली. डावीकडच्या टोकापासून सुरुवात करून सगळा पट नजरेखालून घातला. मग आपला एक चिंचोका आणून माझ्या वाटेत ठेवला.

ओट्यावर तुकाभाऊ येऊन उभे होते, गंगारामभाऊ होते, संगीता दारात होती. तुकाभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. मी नर्सिंगला शिकले होते की अशा माणसाला डावीकडं बघायची सवय लावावी लागते, पुन्हा पुन्हा. पुस्तकात होतं. महिनाभर आम्ही सगळ्यांनी मायेनं डावीकडची धोक्याची प्रत्येक चाल टाळली होती, आणि त्यांना तिकडं बघायचं कारणच ठेवलं नव्हतं.

शेवटी मी जिंकले. थोडक्यात, पण जिंकले. आत जाऊन चहा केला, मावशींच्या उजव्या हातात कप दिला. त्यांनी एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. एकाच बाजूनं, पण हसल्या.

रविवारी दत्ता टेम्पो घेऊन आला. मावशी दारात बसून म्हणाल्या, "काल मी हरले."

"बरं मग?"

"खरी हरले. आता मी कुटं येत न्हाई. तुज्या बोलीतला म्हैना बाकी हाय अजून."

दत्ता डोक्याला हात लावून बसला. बिचाऱ्याची सुट्टी, टेम्पो, सगळं वाया. पण तो ह्याच ओट्यावर वाढलेला. उठला, चपला काढल्या आणि आईसमोर बसला. ओळीत डबे नव्हते, तरी कुणी हरकत घेतली नाही. त्यानं मुद्दाम सगळे खडे तिच्या डावीकडं मांडायला सुरुवात केली. मी ओठ चावत बघत होते. मावशींची मान वळली. प्रत्येक चालीआधी वळली, वेळ लागला, पण वळली. दत्तानं दोनदा तीन जुळवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तिनं वाट अडवली. डाव बराच लांबला. शेवटी कोण जिंकलं ते सांगत नाही, ओट्यावरचं ओट्याबाहेर न्यायचं नसतं. दत्ता उठताना एवढंच म्हणाला, "पट्ट्याजवळ जायचं नाही. गिरण संगीता चालवील. आणि चहा करताना शेगडी खाली घ्यायची, उभ्यानं नाही." टेम्पोतून जाताना त्यानं कुणाचे तरी कांदे नेले, म्हणजे अगदीच रिकामा गेला नाही.

त्यानंतर मावशी पुष्कळ हरल्या. कधी जिंकल्याही. जिंकल्या की बसून एका हातानं चहा करायच्या आणि सगळ्यांना तो गाळायची वाट बघत थांबावं लागायचं. तुकाभाऊंनी नदीतून मोठे, हातात नीट येतील असे खडे निवडून आणले, आणि गंगारामभाऊंनी त्यातले निम्मे काळे रंगवले. रंग कुणी आणला यावरून दोघांत दोन वाक्यांचं बोलणं झालं म्हणे. ताटातली डावीकडची भाजी संपायला लागली. केस पुरे विंचरले जाऊ लागले. हात काही फारसा सुधारला नाही, पाय थोडा सुधारला.

मग माझीच बदली आली, अवसरी खुर्दच्या बाजूला. घरापासून जवळ, सगळे म्हणाले बरं झालं. निघायच्या सकाळी दोन पिशव्या आणि रिकामा पिठाचा डबा घेऊन मी गिरणीवर गेले. एसटी गिरणीसमोरूनच जाते, हात केला की थांबते. ओट्यावर डाव चालू होता. मावशी आणि गंगारामभाऊ. तुकाभाऊ बघणाऱ्यांत, ते जरा सरकले आणि मला उभं राहायला जागा केली. मावशींच्या डाव्या हाताला.

डाव अटीतटीचा होता. मी आलेय हे मावशींना सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि येऊही नये. मीही बोलले नाही. एकदा झाडू मारला होता, तेवढा पुरे. मढच्या बाजूनं गाडी येताना दिसली. मला वाटलं, आता अशीच जाते.

गंगारामभाऊंनी खडा सरकवला. आता मावशींची चाल. त्यांनी मान डावीकडं वळवली, सावकाश, पार टोकापर्यंत, जशी त्या रोज वळवायच्या. पटाच्या कडेवरून नजर माझ्या पायांशी आली, पिशव्यांवर आली, वर माझ्या तोंडापर्यंत आली. तिथं थांबली. एरवी थांबायची त्याच्यापेक्षा जरा जास्त. मग परत फिरली, सगळा पट बघून झाला, आणि त्यांनी एक काळा खडा सरकवला. तीन जुळले.

"उचलते," मावशी म्हणाल्या.

"उचल," गंगारामभाऊ म्हणाले.

मी गाडीला हात केला. माझं नाक लाल झालं होतं, आणि ते त्यांनी पाहिलं होतं, कारण मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते.